एका रविवारची मैफल आणि दहा वर्षं अडकलेला पैसा

पंडित रविशंकरांच्या मनात आकडा होता साधारण २५,००० डॉलरचा. १९७१ च्या जून महिन्यात ते लॉस एंजेलिसला होते. त्यांच्यावरच्या एका माहितीपटाच्या संगीताचं काम चाललं होतं आणि ‘बीटल्स’ या फुटलेल्या ब्रिटिश बँडचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन त्यात हातभार लावत होता. पूर्व बंगालमधून रोज येणाऱ्या बातम्यांनी रविशंकर हादरून गेले होते. एखादी मैफल करावी, जमेल तेवढा पैसा निर्वासितांना पाठवावा, आणि त्यात हॅरिसनने काही मदत करावी, एवढंच त्यांचं मागणं होतं. हॅरिसनने सगळं ऐकून घेतलं आणि फोन उचलला. पुढचे पाच-सहा आठवडे तो जवळजवळ फोनवरच होता.

त्यातून १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ‘द कॉन्सर्ट फॉर बांगला देश’ उभी राहिली. रॉक संगीताच्या इतिहासात एवढ्या मोठ्या कलाकारांनी एका दूरच्या देशातल्या संकटासाठी एकत्र येऊन केलेला हा पहिलाच भव्य कार्यक्रम. तिकिटांचे २,४३,४१८ डॉलर आणि ५० सेंट पंधरवड्याच्या आत संयुक्त राष्ट्रांच्या युनिसेफ या मुलांसाठीच्या संस्थेकडे रवाना झाले. त्यानंतर आलेल्या रेकॉर्ड-संचाने आणि चित्रपटाने त्याच्या कितीतरी पट कमाई केली, पण त्यातली बरीच रक्कम मुलांपर्यंत जायला १९८१ साल उजाडलं.

मैफल गाजली म्हणून या प्रकरणाची आठवण काढली जाते. मला ते महत्त्वाचं वाटतं ते पैशाच्या या दोन वेगवेगळ्या प्रवासांमुळे. माणसं तीच, हेतू तोच, वर्षही तेच. मग एक रक्कम पंधरवड्यात पोहोचते आणि दुसरी दहा वर्षं अडकते, हे कशामुळे झालं?

संकट किती मोठं होतं

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री भोला चक्रीवादळ पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर आदळलं. मृतांचा अंदाज तीन ते पाच लाखांचा. पाठोपाठ डिसेंबरच्या निवडणुकीत शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगला बहुमत मिळालं, पण सत्ता मिळाली नाही. २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली आणि माणसांचे लोंढे सीमा ओलांडून भारतात येऊ लागले. वर्षअखेरपर्यंत हा आकडा सुमारे एक कोटीवर गेला. छावण्यांत पावसाळ्याबरोबर पटकी (कॉलरा) आली. हा भार भारतातल्या सामान्य माणसानेही उचलला. नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचं जादा ‘शरणार्थी सहायता’ तिकीट लावावं लागे. त्या काळातली पत्रं जपून ठेवलेल्या अनेक मराठी घरांत ते आजही सापडेल.

अमेरिकेचं सरकार मात्र पाकिस्तानचे लष्करी राष्ट्राध्यक्ष याह्या खान यांच्या बाजूने होतं. त्याला एक कारण होतं चीनशी जुळू पाहणारी गाठ. हॅरिसन कलाकारांना फोन करत होता त्याच जुलैमध्ये हेन्री किसिंजर पाकिस्तानातून गुपचूप पेकिंगला जाऊन आले. ढाक्यातल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासाने एप्रिलमध्येच आपल्या सरकारच्या मौनाविरुद्ध निषेधाची तार पाठवली होती, पण वॉशिंग्टनने ती बाजूला सारली. अशा वातावरणात मैफलीच्या नावातच ‘बांगला देश’ हे शब्द घालणं ही साधी गोष्ट नव्हती. कागदोपत्री तो देश अजून जन्माला यायचा होता. त्या नावाने हजारो अमेरिकन तरुण तिकिटांच्या रांगेत उभे राहिले, ही या घटनेची पैशात न मोजता येणारी कमाई आहे. रविशंकरांनीही पुढे याच गोष्टीचं समाधान बोलून दाखवलं: एका दिवसात सगळ्या जगाला बांगलादेशचं नाव कळलं.

त्यांची तळमळ कशातून आली हे लक्षात घेतलं पाहिजे. रविशंकर काशीत जन्मले, पण त्यांचं घराणं पूर्व बंगालमधल्या जेसोर भागातलं. मैफलीत त्यांच्याबरोबर सरोद वाजवणारे उस्ताद अली अकबर खाँ तर पूर्व बंगालच्या मातीतच जन्मलेले. अली अकबर खाँ यांचे वडील, म्हणजे दोघांचे गुरू बाबा अल्लाउद्दीन खाँ, त्याच भागातून मैहरला आलेले. ते तेव्हा हयात होते. अली अकबर खाँ यांची बहीण अन्नपूर्णादेवी म्हणजे रविशंकरांच्या पत्नी. दोघं तोवर वेगळे झाले होते आणि त्या मुंबईत अबोल साधना करत राहिल्या. तबल्यावर मुंबईचे उस्ताद अल्लारखाँ आणि तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. एका हिंदू आणि एका मुसलमान गुरुबंधूने एकाच बंगालसाठी वाजवलं. त्या वर्षी पूर्व बंगालमध्ये धर्माच्या नावाने जे चाललं होतं ते पाहता, याहून नेमकं उत्तर मला सुचत नाही.

रंगमंच कसा जमला

हॅरिसनपुढची अडचण आज पटकन लक्षात येत नाही. बीटल्सनी १९६६ च्या ऑगस्टनंतर दौरे बंद केले होते. बँड फुटून वर्षही उलटलं नव्हतं तोच, १९७० च्या अखेरच्या दिवशी, त्यातल्या पॉल मॅकार्टनीने भागीदारी मोडण्यासाठी लंडनच्या न्यायालयात दावा दाखल केला होता. त्याचं एक मोठं कारण होतं व्यवस्थापक ॲलन क्लाइन. मॅकार्टनीला क्लाइनच्या हाती कारभार नको होता आणि बाकी तिघांनी, म्हणजे हॅरिसन, जॉन लेनन आणि रिंगो स्टार यांनी, तो क्लाइनकडेच सोपवला होता. त्यामुळे मॅकार्टनी आला नाही. जॉन लेनन आधी तयार झाला होता, पण त्याची पत्नी योको ओनोने मंचावर यायचं नाही या अटीवरून बिनसलं आणि तो आला नाही. रिंगो स्टार मात्र स्पेनमधलं चित्रीकरण सोडून धावत आला.

बाकीची मंडळी एकेक करून जमली: लिऑन रसेल, बिली प्रेस्टन, क्लाउस फूरमन, बॅडफिंगर हा बँड, ड्रमवर रिंगोच्या जोडीला जिम केल्टनर. एरिक क्लॅप्टन तेव्हा हेरॉइनच्या विळख्यात होता. तो वेळेवर पोहोचेल की नाही याची खात्री नसल्याने जेसी एड डेव्हिसला गिटारवर तयार ठेवलं होतं. शेवटी क्लॅप्टन आला आणि त्याने वाजवलं. सगळ्यात मोठं प्रश्नचिन्ह अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनचं होतं, आणि हॅरिसनच्या गिटारवर चिकटवलेल्या कार्यक्रमपत्रिकेवर डिलनच्या नावापुढे खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिलेलं होतं. १९६६ च्या मोटारसायकल अपघातानंतर डिलन क्वचितच लोकांपुढे आला होता. आदल्या दिवशी ते अवाढव्य सभागृह पाहून तो बिचकला होता. हॅरिसनने मंचाच्या कडेला नजर टाकली तेव्हा डिलन गिटार घेऊन, हार्मोनिका गळ्यात अडकवून तयार उभा होता.

एका खेळाची तिकिटं पाहता पाहता संपल्यामुळे त्याच दिवशी दुसरा खेळ ठेवावा लागला. दुपारी अडीचला एक, रात्री आठला दुसरा. दोन्ही मिळून सुमारे ४०,००० श्रोते. तिकीटविक्रीच्या रकमेला श्रोत्यांच्या संख्येने भागलं तर माणशी सहा डॉलर पडतात. अगदी साध्या खिशाला परवडणारी ही मैफल होती.

सुरुवात भारतीय संगीताने झाली, आणि हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. ज्यांच्यासाठी गर्दी लोटली होती ते मागे थांबले आणि ज्यांचं घर जळत होतं ते आधी बसले. हॅरिसनने श्रोत्यांना शांतपणे ऐकायची विनंती केली, रविशंकरांनी धूम्रपान न करण्याची. मग वाद्यं सुरात लावणं सुरू झालं. ते थांबताच सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. रविशंकर मृदूपणे म्हणाले, की वाद्यं जुळवणं तुम्हाला एवढं आवडलं असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे. हा प्रसंग पुष्कळदा अमेरिकन श्रोत्यांचं अज्ञान दाखवायला सांगितला जातो. मला तो वेगळा दिसतो. काय चाललंय ते कळत नसतानाही ती मुलं कान देऊन ऐकत होती आणि आदर दाखवायची घाई करत होती. त्यानंतरची ‘बांगला धून’ त्यांनी खरोखरच शेवटपर्यंत ऐकली.

एक रक्कम सरळ गेली

तिकिटांचा पैसा वेळेत का पोहोचला याचं उत्तर सोपं आहे. त्यात हात कमी होते. सभागृह, तिकीटखिडकी, हिशेब आणि धनादेश. कलाकारांनी मानधन घेतलं नव्हतं, त्यामुळे वाटेकरी नव्हते. १२ ऑगस्टला ही रक्कम युनिसेफच्या अमेरिकी समितीकडे गेली. रविशंकरांच्या मूळ कल्पनेच्या जवळजवळ दसपट पैसा मैफलीनंतर अकरा दिवसांत मार्गी लागला होता. गोष्ट इथेच संपली असती तर ती निर्भेळ यशाची झाली असती.

दुसरी रक्कम का अडकली

हॅरिसनला इथे थांबायचं नव्हतं आणि त्याचा विचार योग्यच होता. तिकिटांपेक्षा कितीतरी जास्त पैसा ध्वनिमुद्रणात होता. ध्वनिमुद्रण-निर्माता फिल स्पेक्टरच्या मदतीने तीन रेकॉर्डचा संच तयार झाला. मुखपृष्ठावर रिकाम्या थाळीशी बसलेलं उपाशी मूल होतं. कंपन्यांना ते चित्र नको होतं, हॅरिसनने ते बदलू दिलं नाही.

मग कंपन्यांची ओढाताण सुरू झाली. हॅरिसन बीटल्सच्या ॲपल या रेकॉर्ड कंपनीचा, ॲपलचं वितरण कॅपिटॉल या दुसऱ्या कंपनीकडे, तर डिलन सीबीएस या तिसरीशी बांधलेला. डिलनचा आवाज रेकॉर्डवर हवा तर सीबीएसची परवानगी हवी, आणि ती फुकट मिळणारी नव्हती. वितरणाचा खर्च कोणी सोसायचा यावर कॅपिटॉलही अडून बसली. कॅपिटॉलचे प्रमुख होते भास्कर मेनन. केरळचे, कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीचा कारभार पाहून अमेरिकेत गेलेले. म्हणजे या वादाच्या दोन्ही टोकांना भारतीय माणसं होती. २३ नोव्हेंबरला हॅरिसनने डिक कॅव्हेटच्या टीव्ही कार्यक्रमात जाहीरपणे सांगितलं, की वेळ पडली तर मी रेकॉर्ड दुसऱ्या कंपनीकडून काढीन, भास्करला माझ्यावर खटला भरू दे. मेनन यांच्यावर कंपनीच्या भागधारकांची जबाबदारी होती, हे मान्य करूनही माझी सहानुभूती हॅरिसनकडे जाते. अखेर तडजोड झाली. कॅपिटॉलने साडेसदतीस लाख डॉलर आगाऊ दिले आणि सीबीएसला टेप विकण्याचा हक्क मिळाला.

संच अमेरिकेच्या बाजारात आला २० डिसेंबर १९७१ रोजी. ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली ती १६ डिसेंबरला. कलाकारांनी पाच-सहा आठवड्यांत मैफल उभी केली होती, कंपन्यांनी तिचं मुद्रण बाजारात आणायला साडेचार महिने घेतले. ज्या छावण्यांसाठी सगळा खटाटोप होता त्या रिकाम्या व्हायला लागल्या होत्या.

आणि खरी गाठ तर पुढेच होती. मैफलीआधी ती युनिसेफच्या मदतीचा अधिकृत कार्यक्रम म्हणून नोंदवली गेलीच नव्हती. हे काम क्लाइनच्या कचेरीचं होतं. अमेरिकी करखात्याच्या दृष्टीने त्यामुळे चित्र असं झालं: रेकॉर्डची विक्री हे ॲपल या खासगी कंपनीचं उत्पन्न, कंपनी ते नंतर कोणालाही देवो, आधी कराचा विचार होणार. करमाफी नाकारली गेली आणि ॲपलची तपासणी सुरू झाली. १९७२ मध्ये युनिसेफला सुमारे २० लाख डॉलर मिळाले, त्यानंतर ओघ आटला. ब्रिटनमध्येही सरकारने रेकॉर्डवरचा खरेदीकर माफ करायला नकार दिला, त्यामुळे संचाची किंमत साडेपाच पौंडांवर गेली.

त्यातच १९७२ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकाने प्रत्येक संचामागच्या एका डॉलरहून थोड्या जास्त रकमेचा हिशेब लागत नसल्याचं छापलं. क्लाइनने आरोप फेटाळून १५ कोटी डॉलरचा दावा ठोकला आणि पुढे तो मागे घेतला. १९७३ मध्ये हॅरिसन, लेनन आणि स्टार यांनीही क्लाइनशी संबंध तोडले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये या संचाला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं होतं. पुरस्कार घरी आला, पैसा मात्र अडकलेलाच होता.

करखात्याची तपासणी संपून ८८ लाख डॉलरचा धनादेश युनिसेफकडे गेला तो १९८१ मध्ये. १९८५ पर्यंत सगळी मिळून सुमारे १ कोटी २० लाख डॉलरची मदत गेल्याचं वृत्तपत्रांनी तेव्हा छापलं. आकडा मोठा आहे. पण १९७१ ते १९८१ या काळात अमेरिकेत वस्तूंच्या किमती दुपटीहून वर गेल्या होत्या. म्हणजे १९८१ चे ते ८८ लाख १९७१ च्या भावाने ४० लाखांच्या आतबाहेर भरतात.

उशिराची किंमत

महागाईपेक्षा मोठा हिशेब माणसांचा आहे, आणि तो पाहायला बनगावला जावं लागतं. पश्चिम बंगालमधल्या या सीमेवरच्या गावातल्या छोट्या रुग्णालयात १९७१ च्या पावसाळ्यात पटकीचे रुग्ण जमिनीवर दाटीवाटीने पडलेले होते. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचं मिश्रण पाण्यात कालवून नातेवाइकांच्याच हाती दिलं आणि ते पाजत राहायला सांगितलं. त्याआधी मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्के होतं, ते ३.६ टक्क्यांवर आलं. आज घराघरांत माहीत असलेल्या जलसंजीवनीची ही एक मोठी कसोटी होती.

या मिश्रणाला खर्च नगण्य येतो. म्हणून मदतीच्या पैशाचं मोल तो कोणत्या महिन्यात पोहोचतो यावर ठरतं. ऑगस्ट-सप्टेंबर १९७१ मधल्या एका डॉलरने जे साधलं असतं ते १९८१ मधल्या दहा डॉलरनाही साधणारं नव्हतं, कारण ती मुलं तोवर जगली तरी होती किंवा गेली तरी होती. उशिरा आलेली रक्कम वाया गेली असं मी म्हणत नाही. नव्या बांगलादेशातल्या पुढच्या पिढीच्या मुलांना तिचा उपयोग झाला. पण ती ज्यांच्या नावाने गोळा झाली ती ही मुलं नव्हती.

टाळता आलं असतं का?

बहुतांशी, हो. युनिसेफचं मुख्यालय मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्याच शहरात होतं. जुलैमध्ये एका बैठकीत युनिसेफला कार्यक्रमाचा भागीदार करून घेतलं असतं आणि रेकॉर्ड व चित्रपटाचं उत्पन्न सुरुवातीपासून त्यांच्या किंवा स्वतंत्र विश्वस्तनिधीच्या नावाने जाईल असं लिहून ठेवलं असतं, तर ते उत्पन्न ॲपलचं आहे हा युक्तिवाद उभाच राहिला नसता. डिलनच्या बाबतीतही सीबीएसचं पत्र आधी घेता आलं असतं. मात्र तो प्रश्नचिन्हाचा माणूस होता, येईल की नाही हेच ठाऊक नसताना त्याच्या कंपनीशी करार करणं अवघड होतं, ही हॅरिसनची बाजू मला पटते. क्लाइनच्या कचेरीची बाजू पटत नाही. करार आणि कर हाच तिचा धंदा होता. गाणाऱ्याने गावं, हिशेबनिसाने हिशेब पाहावा, ही वाटणी योग्य होती आणि दुसऱ्या अर्ध्याने आपलं काम केलं नाही.

याचा एक भाग असाही आहे की पूर्वी कोणी असं केलंच नव्हतं. वाट पाडणाऱ्याच्या पायाला काटे लागणारच. पण आपल्याकडे पूर, भूकंप, दुष्काळ यांसाठी मैफली, नाटकांचे प्रयोग, गाण्यांचे संच निघतात तेव्हा ही सबब उरत नाही. तिकिटांचा गल्ला आणि मुद्रणाचं उत्पन्न हे दोन निराळे व्यवहार आहेत. पहिला एका रात्रीत संपतो, दुसरा वर्षानुवर्षं चालतो. त्याचा मालक कोण हे कार्यक्रमाआधी कागदावर यायला हवं, कारण नंतर प्रत्येक जण मालक होऊ पाहतो, सरकारसुद्धा.

पुढे काय झालं

आयरिश गायक बॉब गेल्डॉफने इथिओपियाच्या दुष्काळासाठी काम हाती घेतलं तेव्हा त्याने हॅरिसनचा सल्ला घेतला. १३ जुलै १९८५ च्या ‘लाइव्ह एड’ या मदत-मैफलीआधीच त्याचा विश्वस्तनिधी उभा होता. तरी ब्रिटनमध्ये जुनाच प्रश्न पुन्हा आला. डिसेंबर १९८४ च्या गेल्डॉफ आणि सहकाऱ्यांच्या मदत-गीतावरचा व्हॅट (विक्रीवरचा कर) माफ करायला सरकारने आधी नकार दिला. या वेळी मात्र लोकांचा दबाव एवढा होता, की सरकारने कराइतकी रक्कम देणगी म्हणून परत केली. हॅरिसनला १९७१ मध्ये ही सवलत मिळाली नव्हती.

हॅरिसन २९ नोव्हेंबर २००१ रोजी गेला. मैफलीचा चित्रपट आणि ध्वनिमुद्रण २००५ मध्ये नव्याने प्रकाशित झालं, तेव्हा त्याच्या कुटुंबाने युनिसेफबरोबर त्याच्या नावाचा निधी स्थापन केला. ज्या उत्पन्नावरून करखात्याशी दहा वर्षं वाद चालला, त्याच्यासाठी आता युनिसेफकडेच ठरलेलं खातं आहे.